साहेबांच्या चीजची देखभाल

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६:४०

आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावून एक डबा हातात दिला. आत फॉइलमध्ये गुंडाळलेलं गोल चीज. दीड किलो. परदेशातून आणलेलं. त्यांच्या घरी रंगकाम निघालंय आणि फ्रिज बंद करून पॅसेजमध्ये ठेवलाय. सोळा तारखेला त्यांच्या बाईंच्या वाढदिवसाची पार्टी आहे, तोवर सांभाळाल का, असं विचारलं. म्हटलं, साहेब, पंपांचे चार हजार स्पेअर पार्ट सांभाळतो, एका चीजचं काय घेऊन बसलात!

आमचे स्टोअर मॅनेजर या महिनाअखेर रिटायर होताहेत. खुर्चीला उमेदवार दोनच. मी, आणि दिवसभरात चार वाक्यंही न बोलणारा आमचा मौनीबाबा. चीज त्याला दिलं नाही, मला दिलं. तुमचं घर माझ्या वाटेवर आहे म्हणून, असंही साहेब म्हणाले. मोठी माणसं असं काही उघड थोडीच बोलतात!

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७:१०

माल ताब्यात आला की उघडून तपासायचा, हा माझा बावीस वर्षांचा नियम. फॉइल काढून टाकलं. त्यावरचं लेबल भलत्याच भाषेत होतं, तेही टाकलं. माझं लेबल लावलं. माल: चीज. नग: एक. स्थिती: उत्तम.

मग प्लॅस्टिकचे पाच थर आणि वर पॅकिंग टेप. आमच्या बेअरिंगला आजवर हवा लागलेली नाही, चीजला काय लागणार.

सासूबाई मोबाइलवर काहीतरी वाचत होत्या. म्हणाल्या, जावईबापू, चीज कागदात गुंडाळतात, वर सैल झाकण, आणि भाजीच्या कप्प्यात ठेवतात. म्हणे त्याला श्वास घ्यायला लागतो. मी हसलो. श्वास घ्यायला ते काय मांजर आहे?

५ फेब्रुवारी, बुधवार

फ्रिजच्या दारावर रजिस्टर लटकवलं. वेळ, कारण, सही. कोणी उगाच दार उघडायचं नाही. भाज्या बाहेर काढल्या. हिचं तोंड फुगलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ८:००

रजिस्टर तपासलं. दोन दिवसांत फ्रिज एकतीस वेळा उघडला. त्यातल्या सव्वीस सह्या माझ्या. पण माझं उघडणं तपासणीसाठी असतं, ते धरायचं नाही. हिने एका ठिकाणी कारण लिहिलंय: दूध, आणि नशीब. असल्या नोंदी ऑडिटमध्ये चालत नाहीत.

भाज्या सुकल्या. त्यात माझा काय दोष? सीझनच तसा आहे.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११:३०

प्लॅस्टिकच्या आत पाणी सुटलंय. ओल म्हणजे शत्रू. टॉवेलने पुसलं, खाण्याच्या तेलाचा हात फिरवला, पुन्हा पाच थर. पार्ट असो की चीज, तत्त्व एकच.

फ्रिजला वास येतो. हिने दूध शेजारच्या काकूंकडे ठेवलं. काकू म्हणाल्या, तुमच्याकडे काही मेलंय का? चांगल्या मालाची पारख सगळ्यांना नसते.

१२ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६:१५

नमुना तपासणी केली. म्हणजे मधोमध सुरी घालून दोन तुकडे केले.

आत निळं! निळ्या-हिरव्या रेघा, थेट मध्यापर्यंत. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. हिला हाक मारली. ही म्हणाली, अहो, साहेबांना फोन करून विचारा ना एकदा. विचारायचं? म्हणजे माझ्या ताब्यात माल बिघडला हे मीच सांगायचं, आणि खुर्ची मौनीबाबाच्या घशात घालायची?

सासूबाई मोबाइल घेऊन आल्या आणि वाचू लागल्या. 'काही चीजमध्ये निळी' एवढंच वाचलं असेल, मी हात जोडले. म्हटलं, संकटात वाचन नको.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ७:५०

रजा टाकली. काल घाबरलो होतो, हे इथे कबूल करतो. मग डोकं शांत केलं. पार्टला गंज लागला तर आपण काय करतो? खरवडतो. विणकामाची सुई, दातकोरणी आणि हिचा छोटा चमचा घेऊन बसलो. सहा तास. एक कण ठेवला नाही. मान धरली, पण समाधान मोठं.

चीजची मात्र चाळणी झाली. कोपऱ्यावरच्या दुकानातून चीजचे क्यूब आणले, मळले, भोकं भरली, दोन्ही तुकडे जोडले. तेलाचा हात. ही सगळं बघत होती. सुई आता फेकून द्या, एवढंच म्हणाली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शर्ट इस्त्रीला टाकला. मॅनेजर झाल्यावर स्टोअरमध्ये काय बदल करायचे त्याची यादी केली. अठ्ठावीस मुद्दे.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६:३०

पार्टीबद्दल थोडक्यात.

साहेबांनी सगळ्यांसमोर चीज कापलं. मग दुसरीकडून कापलं. मग उचलून खालून पाहिलं. मला विचारलं, यातलं निळं कुठे गेलं? माझी छाती फुगली. म्हटलं, साहेब, भिंग लावून शोधा, सापडणार नाही. रजा टाकून काढलंय.

सगळे गप्प. मला वाटलं, भारावले. मग एक पाहुणा हसला आणि पाठोपाठ सगळेच. साहेब हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की ती बुरशी मुद्दाम धरवलेली असते, चव तिचीच असते, आणि बाईंना दुसरं कुठलं चीज आवडत नाही. बाई सभ्य. एक तुकडा खाल्ला. म्हणाल्या, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या क्यूबसारखं लागतंय.

तरी एक सांगतो, साहेबांनी माल देताना लेखी सूचना दिली नव्हती. चूक मुळात तिथे आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

साहेब जिन्यात भेटले. मान हलवली. राग गेला असणार. बावीस वर्षांपुढे एक चीज ते काय!

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ४:१५

बोर्डावर ऑर्डर लागली. स्टोअर मॅनेजर मौनीबाबा.

तडक केबिनमध्ये गेलो. विचारलं, साहेब, त्याने आजवर असं केलंय तरी काय? साहेब म्हणाले, काहीच नाही. ठेवायला दिलेली वस्तू तो जशीच्या तशी परत देतो.

मला फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं. ते त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि म्हणाले, तुमचाही विचार केलाय. एक तारखेपासून मागचं भंगार यार्ड पूर्ण तुमच्याकडे. तिथलं काही आता आणखी बिघडू शकत नाही.

मी थँक यू म्हणालो.