मांडीवरचा डबा

ती. कुमुदमावशींच्या चरणी वैजयंतीचा साष्टांग नमस्कार.

आपणांस परस्पर पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. आईलाच लिहायचे होते, पण धीर झाला नाही. आपले गुडघे कसे आहेत? मी उत्तम आहे (उणे तीस अंशांत जितके उत्तम असता येते तितकी).

इथल्या विमानप्रवासाची एक नवलाई कळवते. आमच्या या उत्तरेकडील गावाला रस्ता नाही, आणि शहरातून परतणारा प्रत्येकजण तळलेल्या कोंबडीचा डबा मांडीवर घेऊन विमानात बसतो. माझ्या घरमालकीण ऊलूटी आजी पती वारल्यापासून अन्नाला शिवत नव्हत्या. त्यांनी प्रथमच काही मागितले, ते नेमके हेच. म्हणून शिक्षकांच्या बैठकीहून परतताना, जन्मात अंडेही न फोडलेल्या मी तो डबा मांडीवर घेतला आणि नजर खिडकीबाहेर लावली (बाहेर पांढऱ्या शून्याखेरीज काही दिसत नव्हते, आणि वैमानिकालाही तेच दिसत होते). त्याने विमान अलीकडच्या गावी उतरवले. धावपट्टीशेजारच्या एकुलत्या खोलीत आम्ही वादळ ओसरण्याची वाट पाहत बसलो. दुपारपर्यंत सर्वांचे डबे संपले. माझा तेवढा उरला.

“बाई, तो डबा खायला आणलाय की मुलांना शिकवायला?” आमच्या शेजारचा शिकारी जेपिटी म्हणाला. तो ऊलूटी आजींचा असल्याचे मी नम्रपणे निवेदन केले. “मग उघडा की. म्हातारीनं कधी एकटीनं खाल्लंय का जन्मात?”

मी उघडला.

संध्याकाळी घरी पोहोचून रिकामा डबा आजींपुढे ठेवताना मला रडू कोसळले. त्या एवढेच म्हणाल्या, “कुणी कुणी खाल्लं ते सांग.” मी नावे सांगत असतानाच जेपिटी गोठलेला मासा घेऊन आला, त्यामागून बाकीचे प्रवासी हरणाचे मांस घेऊन (ज्याचे खाल्ले त्याच्या घरी आपला वाटा पोहोचवणे, ही इथली रीत). जमिनीवर पुठ्ठा पसरून सगळे बसले. आजींनी सुरी मागितली. “खाली बस गं पोरी. तू अशी उभी राहिलीस तर घास उतरेल का माझ्या घशाखाली?” मी बसले. त्या जेवल्या.

आपली आज्ञाधारक,
वैजयंती

ता. क. मुख्य मुद्दा राहिलाच. मी ठरल्याप्रमाणे मे महिन्यात घरी येऊ शकत नाही. शेजारी कुणी बसले नाही, की आजी अजूनही ताट बाजूला सारतात. हे आईला आपण सांगावे. आपल्यावर ती रागावत नाही.

दुसरा ता. क. डब्यात बटाट्याची भाजी होती, असे सांगावे.

टपालाच्या विमानात दिले: शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे.