बाबांचा ससा

मु. पो. भैंसा

बाबा, जय भीम.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

गावी, बेल्याला, तुमच्याकडे आठ दिवस राहिले. तुमच्या सशाच्या जबड्यात गाठ होती, तो वाचणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तरी तुम्ही पालक वाटून, सुई काढलेल्या सिरिंजनं त्याला थेंब थेंब भरवत होतात, पू पुसत होतात. मी त्याला मांडीवर धरून तुमच्याकडे बघत होते.

आईच्या तोंडातही अशीच गाठ होती. तेव्हा तुम्ही दोन महिने ओसरीवर झोपलात. "मले तो वास सहन नाही होत," म्हणालात. तिचं सगळं मी एकटीनं केलं.

म्हणून निघताना विचारलं, "बाबा, याचा वास येत नाही?"

"येते ना. पण सवय होऊन जाते, बाई," तुम्ही सहज म्हणालात. तेव्हाही तुम्हाला आई आठवली नाही.

काल ससा गेला. तुम्ही फोनवर रडत होतात. "घर खायले उठून राह्यलं, दीक्षा. दोन दिवस येशील का?"

शाळेतून रजा मिळत नाही, असं मी सांगितलं. शाळेला परवापासून दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या आहेत.

चंद्रभागेची मुलगी,
दीक्षा