मागच्या बाकाखालची फळी

२३ एप्रिल, रविवार

सगळं बदललं ते आज सकाळी साडेदहाच्या सुमारास. हातातलं दाभण सटकलं, नावेच्या मागच्या बाकाखाली पडलं आणि तळाच्या फळीत उभं राहिलं. काढायला वाकलो, आणि काय सुचलं कुणास ठाऊक, अंगठ्याने दाबलं. नेढ्यापर्यंत आत गेलं. चहात बुडवलेल्या खारीत जावं तसं.

वरून डांबर, आत भुसा. वीतभर तरी.

आजूबाजूला कुणी नव्हतं. तरी मी आधी मागं वळून बघितलं. फळीकडं नंतर.

२३ एप्रिल, परत

लिहून काढलं की छाती जरा कमी धडधडते, म्हणून.

ही नाव नानांची. ते मिरजेला डोळ्याच्या ऑपरेशनला गेले तेव्हा एकच काम सांगून गेले. तळाची एकेक फळी हातोडीच्या दांड्याने वाजवायची. खणखणीत वाजली तर खडूने बरोबरची खूण. बद्द वाजली तर फुली. "फुली आली तर फळी बदलू. त्यात काय न्हाई. खूण खोटी नगं."

बावीस फळ्या. एकोणीस वाजवल्या. विसावीला हात घातला आणि वर बघितलं तर अश्विनी सिस्टर निळी पेटी खांद्याला लावून उतार उतरत होती. उरलेल्या तिन्हींवर खूण ओढली, हात पुसले, आणि काम संपवलेल्या माणसासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी वर बाक ठोकून टाकला.

खुणा ओढल्या त्याच संध्याकाळी उपकेंद्राच्या ओट्यावर नानांचा फोन. तिथंच फक्त रेंज. सिस्टर शेजारी रजिस्टर भरत होती.

"समद्या वाजवल्यास?"

"समद्या. खणखणीत आहे नाव."

तिनं मान वर करून बघितलं. हसली. त्या हसण्यासाठी मी बोललो ते.

२४ एप्रिल

झाकलं. डांबराचा थर, त्यावर तंबूच्या कापडाचा तुकडा मेण लावून, कडा आत दुमडून, चुका मारून, वर परत डांबर. ठिगळ इतकं साफ बसलंय की दोन महिन्यांत मी केलेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे.

बादलीला लाथ मारली. डांबर माझ्याच पायावर.

२५ एप्रिल, मंगळवार

मंगळवार म्हणजे अ. सिस्टरचा लसीकरणाचा दिवस. धरणाच्या पाण्यापलीकडच्या तीन वाड्यांना मासेवाल्याच्या होडीतून जाते. पेटीचा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळते. पोहता येत नाही. तासगावची आहे, द्राक्षाच्या बागेत वाढलेली. म्हणते, "आमच्याकडं एवढं पाणी एकदम बघितलं की लोक पाया पडतील." बोलत राहते, पण ओठ पांढरे पडलेले असतात. ते मला दिसतात.

आज म्हणाली, "काय हो इंजिनिअर, कधी होणार तुमची नाव?"

"मेअखेर."

"मी मागं बसणार. तुमच्या कापडी छताखाली. तिथं पेटीला ऊन लागणार नाही."

मागं.

"पुढं बसा की. पुढं वारा असतो," मी म्हणालो.

"वारा कुणाला पायजे? पाणी दिसू नये एवढंच पायजे."

इंजिनिअर म्हणून चिडवते. तिसऱ्या वर्षाला सांगलीत कॉलेज सोडलं हे तिला माहीत आहे. का सोडलं ते नाही. तोंडी परीक्षेत सर म्हणाले होते, "येत नसेल तर येत नाही म्हण, पुढचा प्रश्न विचारतो." एवढंच. मी जर्नल फाडून टेबलावर टाकलं आणि निघालो. येत नाही म्हणालो असतो तर आज सहावं सेमिस्टर.

२८ एप्रिल

नाना आले. काळा चष्मा, गळ्यात टॉवेल. एका डोळ्याचं झालंय, दुसरा आधीच अधू. वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही, धुरात नाही. नानी म्हणाली, "आता घरात दोन हिरो. एक चष्म्याचा, एक बिनकामाचा."

नाना आणि माझे वडील, आबा, एका पलटणीतले. नाना फौजेत तंबू आणि बूट शिवायचे. पेन्शनीवर आल्यावर बापाची नाव धरली. फेब्रुवारीत आबांनी मला कोरेगावच्या एस.टी.त बसवलं तेव्हा एवढंच बोलले होते, "जा नानाकडं. हाताला घट्टं पडू देत, डोक्याला पडल्यात तेवढं बास."

आल्या आल्या नानांनी नाव बघायची म्हटली. बघायची म्हणजे हाताने. पुढून सुरू केलं. तळहात फळीवरून असा फिरवतात जसा कुणी जनावराच्या पाठीवरून फिरवावा. मी मागं मागं. बाकाखाली हात गेला. थांबला.

"हितं काय?"

"डांबर जास्त झालंय, नाना."

बोटं ठिगळाच्या कडेवरून एकदा गेली. परत आली.

"बरं," म्हणाले.

त्या 'बरं'चा अर्थ लावत बसलोय. जेवलो नाही.

१ मे

छताची शिवण. नानांचं शिकवणं ओसरीतून, चष्म्याआडून. तळहाताला चामड्याची पट्टी बांधायची, दाभणाची मागची बाजू त्या पट्टीने रेटायची. सुतळी मेणातून तीनदा ओढायची. कापडाची कड दुमडून चार पदरी करायची. "टाका वढायचा. आवळायचा न्हाई. आवळला की कापडच फाटतं."

मी आवळतो. लगेच.

पाच फूट शिवण झाल्यावर नानांनी ती मांडीवर घेतली आणि अंगठा फिरवत गेले. एका जागी थांबले. "हितं तुझं ध्यान न्हवतं."

खरंच नव्हतं. त्याच वेळी खाली काठावर अ. नावेत चढून मागच्या बाकावर बसून बघत होती. नाव पाण्याबाहेर, कोरड्यावर. तरी मी टाका सोडून तिकडंच बघत होतो.

"उसव," नाना म्हणाले.

पाच फूट उसवलं. राग आला नाही. पहिल्यांदाच. रागाच्या जागी दुसरंच काहीतरी बसलंय.

४ मे

सांगायला गेलो. नाना अंगणात बिडी विझवत होते. (धूर वर्ज्य. नानीला सांगू नको म्हणाले.) मी म्हणालो, "नाना, ते मागच्या बाकाचं..."

"व्हय, बोल की."

"बाक जरा उंच करूया का? सिस्टरला पाय ठेवायला."

"कर की."

फळी बदलायची तर साताऱ्याहून मुरलेलं लाकूड आणायचं, मागचा सगळा भाग खोलायचा, नानांच्या नजरेशिवाय ते होणार नाही. पावसाळा तोंडावर. दरडी आल्या की रस्ता बंद, मग नावच. नाव नाही तर पलीकडच्या वाड्यांत कुणी जाणार नाही. आणि मी इथून जाणार. हे मी शेवटी लिहिलं, पण मनात पहिलं आहे.

९ मे, मंगळवार

नाव पाण्यात बुडवून ठेवली. तीन दिवस. पाणी पाजणं म्हणतात याला. लाकूड फुगतं, फटी आपोआप मिटतात. चांगलं लाकूड फुगतं. कुजलेलं काय करतं ते कुणाला विचारू?

आबांचा फोन. "मंग? नावाडी झालास का?"

"होतोय."

"खोटं तर बोलत न्हाईस न्हवं नानापाशी?"

सहज विचारलं असेल. मी फोन दगडावर आपटला. स्क्रीन गेली. उगीच. माणूस दुसऱ्याचा राग फोनवर काढतो, आणि मला तर माझाच होता.

१२ मे

पाणी उपसून नाव तरंगवली. सगळे वाकून बघत होते. मी फक्त बाकाखाली.

कोरडं. एक थेंब नाही.

नानी म्हणाली, "काय हे, सुतकात असल्यासारखं तोंड! हस की बाबा."

नाव गळली असती तर मी मोठ्याने ओरडलो असतो, नाना, गळतीय, खोला. आता कशाच्या नावाने ओरडू?

१५ मे

पाणी पार उतरलंय. जुन्या गावाची जोती उघडी पडलीत. नानांनी मला त्यांच्या घराचं दाखवलं. चार दगडी ओळी, चुलीची जागा, उंबऱ्याचा चिरा. धरणाआधी नाना तिथं जन्मले. काठीने चिखल बाजूला करून उंबऱ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "ये, आत ये." मी खरंच चप्पल काढली.

इथं रीत आहे. नवी किंवा दुरुस्त केलेली नाव माणसं घेण्याआधी दगड घेते. जेवढी माणसं बसणार तेवढे. प्रत्येक घराने आपल्या बुडालेल्या जोत्यावरचा एक दगड आणायचा, चांगला दोघांनी उचलावा असा. ज्यानं नाव दुरुस्त केली त्यानं एकट्याने ते मधल्या धारेपर्यंत न्यायचे आणि परत आणायचे.

"आन् बुडली तर?" मी विचारलं.

"तर दगूड आपल्या गावात गेलं," नाना म्हणाले. "आन् तू पवत ये."

कालचा रविवार ठरला होता, पण कुणाचं तरी लग्न निघालं. आता २१ तारीख.

१७ मे

हिशेब साधा आहे. दगडांसकट बुडाली तर मी एकटा. मला पोहता येतं. सगळ्यांना कळेल, शिव्या खाईन, जाईन. नाही बुडाली तर २३ ला मंगळवार. निळी पेटी. मनगटाला पट्टा दोनदा.

मला नाव बुडण्याची भीती नाही. ती पार होईल याची भीती आहे. हे वाक्य दोनदा वाचलं. बरोबर आहे.

२१ मे, रविवार

दगड आले. चौदा. ज्याचं घर त्याच्याच माणसांनी ते नावेत ठेवायचे. अ. काठावर उभी. तिचं इथं जोतं नाही.

नाना म्हणाले, "सिस्टर, आमच्या जोत्यावरला घ्या. आमचंच घर समजा."

"मी एवढी जड नाही हं, नाना!"

"पेटी धरून सांगतोय मी."

सगळे हसले. तिनं आणि नानीनं मिळून दगड आणला आणि तिनं तो नेमका मागच्या बाकावर ठेवला. "मी इथं बसणार, सांगून ठेवते."

मी वल्हं मारत निघालो. काठापासून थोडं आत गेल्यावर, सगळ्यांकडं पाठ करून, तो दगड कसाबसा खाली उतरवला आणि ओढत पुढं आणून पायाशी ठेवला. वजन नीट करतोय असं दाखवत. त्या बाकावर काहीच नव्हतं मग. मधल्या धारेपर्यंत गेलो, वळलो, आलो. कोरडा. टाळ्या. नानीनं नावेला हळदकुंकू लावलं, माझ्या कपाळालाही.

एकाच जागची परीक्षा घ्यायची होती आणि मी तीच चुकवली. का? भ्यालो. पोहता येणारा मी भ्यालो.

नानांनी विचारलं, "मागं कशी वाटली?"

"हलकी," मी म्हणालो.

हे एवढं एकच खरं बोललो आज.

२२ मे, दुपार

नानांना आज चष्मा काढायची परवानगी. ऑपरेशन झालेला डोळा लाल, पण दिसतंय. सकाळी मला समोर बसवून बघत राहिले. "वाळलास की रं. आबाला काय त्वांड दावू?"

मग छत बघितलं. शिवण डोळ्याजवळ नेऊन. उसवून परत शिवलेले पाच फूट त्यांनी बरोबर ओळखले. "ह्ये ब्येस झालंय. उसवल्याला टाका दुसऱ्यांदा नीट बसतो." दाभण माझ्या हातात दिलं. "ठेव तुला. फौजेतलं हाय."

मी दाभणाकडं बघत राहिलो. हेच ते.

"नाना," मी म्हणालो.

"काय?"

नानी भाकरी वाढली म्हणून हाक मारत आली. ती आली नसती तर बोललो असतो का? माहीत नाही. माहीत नाही, हे लिहायला एवढं सोपं होतं तर.

२३ मे, मंगळवार, सकाळ

सव्वासात. एस.टी. साडेसातला वरच्या सडकेवर. अ. आठला खाली घाटावर. सॅक रात्रीच भरलीय, खुंटीला आहे. दोन्ही वाटा या दारापासूनच फुटतात.

खिडकीतून नाव दिसते. छत ताणून बांधलंय, एकही सुरकुती नाही. त्याखाली गडद सावली. कुणालाही तिथंच जाऊन बसावं वाटेल.

अ. आजच लवकर आली. आवाज येतोय. नानांना म्हणतेय, "आज मला भ्या वाटंना झालंय बघा, खरंच." तासगावचा हेल पूर्ण उतरलाय तिच्या बोलण्यात. खूश असली की उतरतो.

दाभण खिशात घातलंय. खाली जाऊन काही बोलायचं नाही, बोलता येणार नाही मला. फक्त बाकाखाली वाकायचं, ठिगळ फाडायचं आणि सगळ्यांसमोर दाभण फळीवर ठेवून अंगठ्याने दाबायचं. नेढ्यापर्यंत. मग त्यांनी काय ते बघावं. ४ तारखेलाही असंच ठरवून गेलो होतो.

सॅक खुंटीलाच आहे. अजून तरी.

"इंजिनिअर! येताय का नाही?"

नाना म्हणतायत, "येऊ दे गं त्याला. येतोय त्यो."

"आलो," असं ओरडलो. आवाज फाटला.

वही इथंच ठेवतो, खुंटीवरच्या सॅकखाली. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.