नारळ बघून पडतो

२ मे १९५५, सोमवार. सकाळी ९.४०.
अंगणातल्या माडावरून सुकलेला नारळ सुटला आणि माझ्या बेबी ऑस्टिनवर आला. कॅनव्हासचं छप्पर फाटलं, स्टिअरिंग वाकलं, आणि नारळ माझ्या सीटवर असा बसला, जणू लायसन्स त्याच्याच नावावर आहे.
मी शांत. घरकाम करणारी सगुणा मात्र सुरू झाली, की माडाखाली गाडी लावू नका असं ती रोज सांगत होती. तिला समजावलं, सुशिक्षित माणूस सावली बघून गाडी लावतो आणि बाकीचं विमा कंपनीवर सोडतो. आठवड्यात चेक येईल.

३ मे.
धाकटा भाऊ हरिश्चंद्र पाहणी करून गेला. रिटायर्ड बाईने मोटार चालवणं त्याला सर्कस वाटते. दुरुस्ती माझ्या पेन्शनला झेपणार नाही, हे त्याने आनंदाने सांगितलं. त्याची अट: महिनाअखेरपर्यंत कंपनीने भरून दिलं तर गाडी राहील, नाहीतर त्याने बघून ठेवलेल्या कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला विकायची. मी हसत हो म्हटलं. बिचारा.

९ मे.
एजंट सुलेमान मिरकरवाड्याहून आला. पॉलिसी विकताना तीन कप चहा प्यायला होता, आज अर्धा. कंपनी विचारते, माडाखाली गाडी लावणं म्हणजे जाणूनबुजून धोका पत्करणं नव्हे काय?
टेलिफोन एक्स्चेंजात मी मोठमोठ्या साहेबांना लाइनवर ताटकळत ठेवलेलं आहे. लगेच कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत उत्तर लिहिलं: अख्ख्या रत्नागिरीत कोणालाही विचारा, नारळाला डोळे असतात. तो बघून पडतो. सबब धोका शून्य.
पत्र इतकं झकास उतरलं की सगुणाला दोनदा वाचून दाखवलं. तिला इंग्रजी येत नाही, पण आवडलं.

१९ मे.
हेड ऑफिसचं उत्तर. नारळ बघून पडत असेल, तर गाडीवर पडला तोही बघूनच. म्हणजे अपघात नव्हे, हेतुपुरस्सर कृत्य. माड माझ्या मालकीचा, म्हणून घरच्याच मंडळींनी केलेलं नुकसान. पॉलिसीत बसत नाही.
घरच्या मंडळींत आता नारळ. हरिश्चंद्र एक होताच.
सगुणाचं मत निराळं. "बाय, तो मानसाला वलखतो. मोटार त्याने कुठं बघितलीन?" अडाणी. दुर्लक्ष केलं.

२० मे.
सुचलं. नारळ आंधळा आहे हे सिद्ध करायचं. माडाखाली मी स्वतः बसणार, नुकसान तपासणाऱ्या कंपनीच्या सर्वेयरसमोर. डोक्यात पडला की नारळ आंधळा, आंधळा म्हणून अपघात, अपघात म्हणून चेक. इतकी स्वच्छ योजना मी आयुष्यात केलेली नाही. नारळ पाडणाऱ्या धाकूला यंदा येऊ नको म्हणून निरोप. माड पिकलेल्या नारळांनी लगडलाय. डोक्यावर पितळी पातेलं घेईन. धाडस वेगळं, मूर्खपणा वेगळा.

२६ मे.
कोल्हापूरचा सर्वेयर टाय लावून पडवीत. सुलेमान, हरिश्चंद्र, शेजारपाजार कुंपणाच्या दगडी गडग्यावर. मी पातेलं घालून खुर्चीत. वारा अगदी हवा तसा.
पहिला नारळ डावीकडे. दुसरा उजवीकडे. तिसरा खुर्चीमागे, पदराला घासून. लोक हात जोडायला लागले. मी खुर्ची सरकवली, तर चौथा मी आधी बसले होते तिथे. सगुणा कुंकू घेऊन आली आणि माडाला लावून गेली. मला नाही.
शेवटी सुलेमान हळूच म्हणाला, "बाई, उठा आता. तो तुमच्याकडे बघतोय."
नारळाला दिसतं याची खात्री पटली, असं सर्वेयरने लिहून घेतलं. जाताना दोन शहाळी मागितली.

३१ मे.
गाडी लॉरीमागे बांधून कोल्हापूरला गेली. मी बघायला गेले नाही. खिडकीतून दिसली ती दिसली. प्रश्न गाडीचा नव्हताच, तत्त्वाचा आहे.
हेड ऑफिसला आज रजिस्टर पत्र: "आपल्या जनरल मॅनेजरांनी स्वतः येऊन त्याच खुर्चीत, पातेल्याशिवाय, बसून दाखवावं. लेखी उत्तर १५ जूनला संध्याकाळी पाचच्या आत मिळालं पाहिजे. मुदत वाढवून मिळणार नाही. उत्तर घरपोच पाठवावं. मला आता पोस्टापर्यंत जायला वाहन नाही."