हाताखालची माणसं

१६ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. इंग्रजीत लिहायचं ठरवलं होतं. 'टुडे आय अ‍ॅम' इथपर्यंत गाडी आली, पुढं सुचेना. मराठीत चालेल.

उद्या एचआर मॅडमनी बोलावलंय. माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे. एमआयडीसीत दर मार्चला असतेच. मला बोलावलं म्हणजे कोणाला काढायचं ते विचारणार. असिस्टंट ऑफिसर, प्रेस शॉप. अनुभवी माणसाला विचारल्याशिवाय कसं चालेल? बजरंगचं नाव सांगावं लागणार. वाईट वाटतं, पण वय झालं त्याचं. आहे माझ्याच वयाचा, पण त्याचं दिसतं ना!

केस काळे केले. कानालाही थोडा रंग लागला.

१७ मार्च, संध्याकाळी
बजरंगला काढलं. बन्सीला काढलं. मलाही काढलं.

तिघंही बावन्नचे, तिघांचीही जन्मतारीख एक जून. आमच्या पिढीला गुरुजींनी शाळेत घालताना सरसकट एक जूनलाच जन्माला घातलंय. मॅडम म्हणाल्या, हाऊ स्वीट. मग म्हणाल्या, कंपनीला आता यंग एनर्जी पाहिजे. राजीनामे टाइप करून तयारच होते, फक्त सही करायची.

बजरंग म्हणाला, मॅडम, मी राजीनामा दिलाच न्हाई, तर सही कशाची करू? असं तोंडावर बोलतात का? मी लगेच पेन काढलं. ऑफिसर लोक वाद घालत नाहीत. पण चष्मा घरी. चष्मा लावला की वय दिसतं म्हणून मी तो कंपनीत नेतच नाही. सहीची रेघच सापडेना. शेवटी 'स्टडी करून कळवतो' म्हणालो. रुबाबात उठलो, काचेच्या दाराला धडकलो.

राजेश्वरीला काही सांगितलं नाही. योग्य वेळी सांगणार.

२० मार्च
कुरिअरनं पत्र आलं. सेवा समाप्त.

राजेश्वरीला सांगितलं, मला वर्क फ्रॉम होम दिलंय. ती म्हणाली, अहो, पत्रा दाबायचं मशीन दुसऱ्या मजल्यावर चढवणार कसं? बायकांना टेक्निकल गोष्टी समजत नाहीत. मग तिनं चहात साखर जास्त घातली. कळलं असावं तिला. मला तिच्याकडं बघवेना.

२४ मार्च
बजरंगनं वकील शोधली. रेश्मा मॅडम, कामगारांच्या केस घेतात. मी नुसता ऐकायला गेलो होतो.

त्या म्हणाल्या, 'वय झालं म्हणून काढलं' एवढ्यावर खाजगी कंपनीला धरायला आपल्याकडं सरळ असा कायदा नाही. पण माणसं कमी करताना शेवटी आलेला आधी जातो, हा नियम आहे. दोन वर्षांपूर्वी आलेली पोरं ठेवली आणि पंचवीस वर्षांचे जुने काढले, तर कंपनीला कारण द्यावं लागेल. राजीनाम्यावर सही केली नाही हे फार शहाणपण केलंत, असंही म्हणाल्या. मी मान हलवली. चष्म्याचा विषय काढला नाही.

मग मोठा खड्डा. हा नियम कामगारासाठी. मॅनेजर लोकांना हा दरवाजा नाही.

मी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून दिलं. त्यांनी ते उलटं करून ठेवलं आणि विचारलं, कोणाच्या रजा मंजूर करता? म्हणालो, कोणाच्याच नाही. कोणाला कामावर घेता, काढता? नाही. मग दिवसभर करता काय? डाय बसवतो. डाय म्हणजे लोखंडी साचा; तो प्रेसमध्ये नीट बसला तरच पत्र्याचा पार्ट सरळ निघतो. स्वतःच्या हातानं बसवता? तर काय, दुसऱ्याला जमतच नाही.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, अभिनंदन, मग तुम्ही कामगारच.

एवढा अपमान आजवर कोणी केला नव्हता. दहा वर्षांपूर्वी पगार न वाढवता कंपनीनं मला ऑफिसर केलं, निळ्याचा पांढरा शर्ट दिला. तेव्हापासून कॅन्टीनला मी बजरंगच्या टेबलावर बसलो नाही. ते काय उगाच?

२ एप्रिल
विचार केला. नोकरी परत मिळणार असेल तर कामगार म्हणायला काय जातंय? कायदेशीर शब्द आहे नुसता. संकल्प: रोज सकाळी आरशासमोर दहा वेळा 'मी कामगार आहे' म्हणायचं.

३ एप्रिल
तीन वेळा म्हणालो. राजेश्वरी बाहेरून म्हणाली, आता तरी बाथरूमचं दार उघडा, पाणी जाईल.

सगळं सांगितलं तिला. ती म्हणाली, मला वीस तारखेलाच कळलं होतं. जे खरं आहे ते सांगा आणि मोकळे व्हा, एवढंच म्हणाली. सोपं वाटतं हिला. हिच्यासाठीच तर एवढं सगळं केलं. (बहुतेक.)

१० एप्रिल
लेबर ऑफिसात पहिली बैठक. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. शिपाई म्हणाला, कामगार या बाजूला, कंपनीवाले त्या बाजूला. मी त्या बाजूला जाऊन बसलो. सवय हो! बजरंगनं हळूच हाक मारली, साहेब, इकडं या, इकडं जागा हाय. सगळे बघत होते. टेबलाला वळसा घालून यायला मला एवढा वेळ कधी लागला नसेल.

पुढचं लिहायला नको वाटतं.

कंपनीच्या वकिलानं मोबाईल काढला. त्यात आमच्या गावातल्या चौकातला फ्लेक्स. मागच्या एक जूनचा. माझा गॉगलवाला फोटो, आणि खाली: 'प्रेस शॉपचे धडाडीचे मॅनेजर, शंभर कामगारांचे आधारस्तंभ, मा. आदिनाथराव साहेब यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा! शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ.' मीच स्टेटसला ठेवला होता. वकील म्हणाला, सगळं गाव यांना मॅनेजर मानतं, आम्ही वेगळं काय सांगू?

प्रेस शॉपमध्ये सगळी मिळून चाळीस माणसं आहेत. माझ्या हाताखाली एक पाना.

बाहेर आल्यावर रेश्मा मॅडमनी विचारलं, हा लावला कोणी? गावानं, म्हणालो. त्या बघतच राहिल्या. मग सांगितलं, शेवगावला ऑर्डर मीच दिली होती, मजकूरही माझाच. मागच्या वर्षी आमच्या मुलीचं, आरतीचं, लग्न श्रीगोंद्याला जमत होतं. पाहुणे चौकातून येणार होते. बाप कोण आहे ते त्यांना नको का कळायला?

बजरंगनं ऐकलं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

१२ एप्रिल
मॅडमनी मार्ग काढलाय. पुढच्या तारखेला लेबरच्या अधिकाऱ्यांसमोर सरळ सांगायचं: फ्लेक्स ही माझी हौस होती, माझ्या हाताखाली कोणी नव्हतं, मी हातानं काम करतो. बजरंग तशी साक्ष देणार. बाहेर हॉटेलात त्याच्याच टेबलावर चहा घेतला, दहा वर्षांनी. खारी बुडवून खातो तो. मीही बुडवली. चांगली लागते.

२३ एप्रिल
पूर्ण तयारी. आता आरशात डोळ्याला डोळा भिडवून म्हणता येतं.

रात्री जेवताना बिभीषणरावांचा फोन. बिभीषणराव म्हणजे आरतीचे सासरे. म्हणाले, कंपनीवर केस टाकली म्हणं तुमी! ते आधी का न्हाई सांगितलं? उद्या मी येतो. आमचा व्याही एकटा पडला असं व्हायचं न्हाई. मी म्हणालो, ऊन फार आहे. म्हणाले, ऊन काय आमाला नवीन हाय व्हय?

राजेश्वरी म्हणाली, येऊ देत. त्यांच्यासमोरच सांगा, एकदाच काय ते होऊन जाईल. बरोबर आहे. सांगणार. नक्की.

२४ एप्रिल
बिभीषणराव मागच्या बाकावर. पांढराशुभ्र फेटा. सोबत त्यांच्या गावातली दोन माणसं, जीपभाडं खर्चून आणलेली.

आधी बजरंग बोलला. म्हणाला, साहेब, आमी दोघं एकाच प्रेसवर हुतो. डाय बसवावा तर ह्यांनीच. हात बघा त्यांचे. ह्यांच्या हाताखाली कोनी न्हाई, हे आमच्यातलेच हायेत.

मग अधिकाऱ्यांनी मला विचारलं, हे खरं का? तुमच्या हाताखाली माणसं होती का?

मी तोंड उघडलं. मागून बिभीषणरावांचा खाकरा आला.

म्हणालो, होती.

किती?

मला काही बोलावंच लागलं नाही. बिभीषणराव मागून म्हणाले, शंभर की!

रेश्मा मॅडमनी फाईल मिटली. बजरंग माझ्यासाठी बोलला होता आणि मी त्याला भर ऑफिसात खोटं पाडलं. बाहेर आल्यावर तो फक्त म्हणाला, असू द्या साहेब, पावनं हुते. मग माझ्यासाठी रिक्षा थांबवली. तो अजूनही मला साहेब म्हणतो, आणि आज पहिल्यांदा तो शब्द मला ऐकवला नाही. लाज वाटते. इथं लिहायलासुद्धा वाटते.

९ मे
बजरंग आणि बन्सी सोमवारपासून कामावर. कंपनीला कारण देता आलं नाही. बजरंग पेढे घेऊन आला होता. मी म्हणालो, अभिनंदन, काही अडलं तर विचारत जा. व्हय म्हणाला.

माझ्यासाठी सिव्हिल कोर्ट आहे म्हणे. वेळ बराच जाईल. रेश्मा मॅडम म्हणाल्या, विचार करून सांगा, पण वेगळा वकील बघा. मोठ्या पोस्टचं मोठं कोर्ट. ठीकच आहे ते. संकल्प: सिव्हिल कायद्याचा अभ्यास. आज सुरुवात करणार होतो, पण चष्मा सापडला नाही. डोक्यावर होता.

१९ मे
एका वर्कशॉपला फोन केला होता. वय विचारलं आणि ठेवला.

केस काळे करणं बंद. बिभीषणरावांनी सगळ्या पाहुण्यांत सांगितलंय की आमचे व्याही मानानं रिटायर झाले. रिटायर माणूस निदान अठ्ठावन्नचा तरी दिसला पाहिजे.

१ जून
वाढदिवस आणि 'सेवापूर्ती गौरव', गावच्या चौकात. बिभीषणरावांनी घडवून आणलं. फ्लेक्सवर तोच गॉगलवाला फोटो. 'मॅनेजर साहेब यशस्वी सेवेतून निवृत्त.' खाली शुभेच्छुकांची खरी नावं. या वेळी एक रुपयाही मला द्यावा लागला नाही. लोकांनी आपणहून लावला.

फेटा बांधला. शाल, नारळ. मी दोन शब्द बोलायला उठलो. सांगून टाकावं असं अगदी ओठावर आलं होतं, देवाशपथ. तेवढ्यात मोबाईल वाजला. बजरंग. मागं प्रेसचा आवाज. साहेब, नवा डाय बसंना, पार्ट तिरका येतोय. मी म्हणालो, डाव्या बाजूला पत्र्याची पातळ पट्टी सरकव, मग बोल्ट आवळ. हात आपोआप हवेत पाना फिरवत होता. थोड्या वेळानं म्हणाला, बसला. फोन ठेवला.

बिभीषणरावांनी माईक ओढून घेतला. म्हणाले, बघा मंडळी! माणूस रिटायर झाला, तरी हाताखालची माणसं विचारल्याबिगर एक बोल्ट आवळत न्हाईत!

चौकभर टाळ्या. मी नाही म्हणालो नाही.

राजेश्वरीनं तेवढ्या वाजवल्या नाहीत. ती माझ्या हातांकडं बघत होती. मी ते शालीखाली घेतले.