दोन किल्ल्यांचा संगणक

तीर्थरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे तूर्त अर्धाच घालतो आहे, उरलेला समक्ष भेटीत.) तुमची शुगर, वहिनींची कंबर आणि जिन्यातलं ते चिडकं मांजर, तिघांची तब्येत कळवावी. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. सर्व म्हणजे मी. तुमची बहीण माझ्याशी सध्या फक्त इंचांत बोलते.

माळ्यावरचा जुना संगणक भंगारात द्यायचा, असं घरात एकमताने ठरलं होतं (मत हिचं होतं). पण त्याच्यात अजून धुगधुगी आहे हे मला दिसत होतं, म्हणून मी त्याचा घरचा सर्व्हर करायला घेतला. म्हणजे फोटो, कागदपत्रं, हिच्या शिवणवर्गाचे कटिंगचे आराखडे, सगळं आपल्याच छपराखाली, परक्याच्या हाती काही नाही. झाकण उघडून आतली धूळ फुंकली (ती हिच्या पांढऱ्या कापडावर बसली, तो विषय मिटला आहे असं मी धरून चालतो), नवी डिस्क बसवली आणि यंत्र चपलांच्या कपाटात ठेवलं. त्याचा पंखा असा घोरतो, की वर्गातल्या मुली त्याला आजोबा म्हणतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी आदर्श म्हणून तुमच्याकडे पाहिलं. बँकेत तिजोरीची एक किल्ली तुमच्याकडे, दुसरी मॅनेजरकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. तुम्ही किल्ली कुठे ठेवता हे तुमच्या निवृत्तीपर्यंत वहिनींनाही कळलं नाही. म्हणून मी पासवर्डचे दोन तुकडे केले. अर्धा माझा, आणि अर्धा तुम्ही इथे आला होतात तेव्हा मला बाहेर काढून स्वतःच्या हाताने टाकलात. वर मीच तुम्हाला शपथ घातली, की उद्या माझ्या आवाजात कोणी मागितला तरी सांगायचा नाही, हल्ली चोर आवाजही काढतात. मग हिच्या लॅपटॉपवरचे मूळ आराखडे पुसून टाकले, कारण वस्तू दोन ठिकाणी असली की चोराला दारंही दोन.

गेल्या आठवड्यात शर्टाला इस्त्री करायची होती, म्हणून मी एक प्लग काढला. कुठला, ते तुम्ही ओळखलं असेलच. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि त्याने अख्खा पासवर्ड मागितला. मी तुम्हाला फोन केला. आवाज हुबेहूब काढल्याबद्दल तुम्ही माझं कौतुक केलंत आणि फोन ठेवलात. व्हिडिओ कॉल केला, तर म्हणालात, हल्ली चेहरेही करतात. शेवटी हिच्या लहानपणीची एक गोष्ट सांगून ओळख पटवायला गेलो, तेव्हा तुम्ही मला घरभेदी ठरवलंत. चूक तुमची नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, एवढंच.

पण पुढच्या आठवड्यात मुलींची परीक्षा आहे आणि हिची इतक्या वर्षांची मेहनत त्या कपाटात अडकली आहे. ही ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ओरडली नाही. दादा, मला फार वाईट वाटलं. आता रोज संध्याकाळी ती आठवून मापं सांगते आणि मी पट्टी धरून कागदावर आखतो. कॉलर झाली, खिसा झाला. काल माझी बाही उलटी आली. तिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली, बाही सरळ केली आणि पेन्सिल परत दिली.

आपला,
मेहुणा (खरा)

ता. क. पासवर्ड मागण्यासाठी हे पत्र नाही. पत्र काय, कोणीही लिहील. तुम्ही फक्त मिळेल त्या गाडीने या आणि स्वतःच्या हाताने टाका. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहीन. हवं तर वहिनींना माझ्यावर पहाऱ्याला आणा.

ता. क. (हे यांचं अक्षर नाही, माझं. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय.) दादा, घाईने येऊ नकोस. यांनी माळ्यावरून तो संगणक उतरवला, त्याच दिवशी मी सगळे आराखडे पेन ड्राइव्हवर घेऊन सुयांच्या डब्यात ठेवलेत. शेवटी बहीण तुझी आहे. परीक्षेची तयारी कधीच झालीय. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, हे पहिल्यांदाच रोज माझ्या टेबलाशी बसतात आणि बाही कशी बसवायची ते विचारतात. अजून कोट राहिलाय. तो झाला की ये.