धनेशच्या मुलीचा सरकारी शाळेतला प्रवेश

मी, श्रीमती सत्यवती रामनाथ राऊत, वय वर्षे पासष्ट, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसं लिहवत नाही; यकृताबद्दल डॉक्टर जे बोलले ते ऐकून मी उन्हं उतरेपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. मला मूलबाळ नाही.

कलम एक. राहतं घर आणि केळी-नारळाची वाडी मला माझे पती कै. रामनाथ यांच्याकडून मिळाली. ती दोन्ही मी पुतण्या विकी याला देते. तो वाडी ठेवणार नाही. ‘विकी विकणारच, नावातच आहे,’ असं आमचे हे हसून म्हणत. रस्त्याकडचा तुकडा मात्र शाळेला मैदानासाठी द्यायचं आम्हा दोघांचं ठरलं होतं. वकिलांनी विचारलं, “कुठल्या शाळेला?” मला नाव सांगता येईना. म्हणून तो तुकडाही विकीला.

कलम दोन. या कलमाने कोणाला काही मिळत नाही. तरी ते काढू नये, असं मी वकिलांना सांगितलं आहे.

धनेश माझा विद्यार्थी. हुशार नव्हता, पण बोलका. निवडणुकीला उभा राहिला तेव्हा प्रचाराची पहिली सभा त्याने आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पडवीत घेतली. पट घसरला होता, शाळा बंद होण्याची कुणकुण होती. तो म्हणाला, “ही शाळा मी मरू देणार नाही. नुसतं बोलत नाही, माझी रीमा उद्यापासून इथे पहिलीत.” आणि खरोखर दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन आला. फोटोवाले होते, पेढे होते. मी स्वतः तिचं नाव पटावर लिहिलं. मला रडू आलं होतं.

त्या फोटोमुळे लोकांना धीर आला. साहेबाची पोर जाते तर आपली का नको, म्हणून वाड्यांतून मजुरी करणाऱ्या आयांनी मुलं घातली. दिपिका त्यातलीच. तिची आई फुलं खुडायला जायची. रीमा आणि दिपिका एका पाटावर बसत आणि शाळेत स्वयंपाक करणाऱ्या इझाबेलच्या हातची खिचडी एका ताटलीत खात. रीमाला शाळा आवडली होती, हे मी शपथेवर सांगते.

निकाल लागला, धनेश निवडून आला, आणि रीमा यायची थांबली. गणवेश इंग्रजी शाळेचा, दारात पिवळी बस. पुढे कागद आला: पट कमी, शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन. मी त्याच्या कार्यालयात गेले.

“बाई, तुम्ही मनाला लावून घेता,” तो म्हणाला. “प्रचारात सगळेच बोलतात.”

“तू नुसता बोलला नव्हतास. पोरगी आणून बसवली होतीस.”

“तेव्हा मनात होतं तसं. खोटं नव्हतं ते. पण रीमाच्या भविष्याचा प्रश्न आहे ना.”

“आणि दिपिकाच्या?”

“कोण दिपिका?”

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मी उठले. त्याने उठून वाकून नमस्कार केला, तेही खरंच केलं. मला आजवर ठरवता आलेलं नाही की हा माणूस खोटारडा, की त्याला खरं आणि बोललेलं यातला फरकच कधी शिकवला गेला नाही. शिकवणारी मीच होते.

शाळेचं कुलूप आता फक्त मतदानाला उघडतं. गेल्या वेळी मी माझ्याच वर्गात मत दिलं. बाहेर धनेशची माणसं पत्रक वाटत होती: सरकारी शाळांसाठी अखंड झटणारा. तो पुन्हा निवडून आला.

कलम तीन. शिलाई मशीन, लोखंडी कपाट आणि स्वयंपाकघरातलं सारं इझाबेल तुस्कानो हिला. शाळा बंद झाल्यावर तिचीही चूल बंद झाली. देवघरातले देव विकीच्या बायकोने न्यावेत. तिला नको असतील तर तेही इझाबेलकडे. मी तिला विचारलं आहे. “बाय, तुज्या देवांना काय मी उपाशी ठेवीन?” असं ती म्हणाली.

कलम चार. माझ्या मरणाचा फलक धनेशने लावू नये. त्यावर त्याचा फोटो माझ्यापेक्षा मोठा असेल. त्याने शोकसभेत बोलू नये. तो चांगलं बोलेल, लोक रडतील, आणि मला उठून सांगता येणार नाही.

कलम पाच. बँकेतली सर्व ठेव दिपिकाला. ती सज्ञान होईपर्यंत इझाबेलने सांभाळावी. मसुद्यात मी ‘शिक्षणासाठी’ असं लिहिलं होतं. ते वाचून दाखवायला मी तिच्या खोलीवर गेले. मोठा रस्ता ओलांडून न्यायला कोणी नव्हतं, म्हणून तिची शाळा सुटली ती सुटलीच. आता ती आईबरोबर फुलं खुडते. कागद तिच्या हातात दिला. तिने तो बराच वेळ धरला, मग परत केला.

“बाई, तुमीच वाचा. मला आता येत नाय.”

“दुसरीत तर तू घडाघडा वाचायचीस गं.”

“तवा येत होतं.”

मी पुन्हा शाळेत घालण्याचं बोलले. ती हसली, मोठ्या बाईसारखी, आणि मला पाणी आणायला उठली.

म्हणून कलम पाचमधला ‘शिक्षणासाठी’ हा शब्द मी माझ्या हाताने खोडला आहे. खोडल्या जागी माझी सही आहे. ती खाडाखोड समजू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी इझाबेल तुस्कानो हिने करावी.

ठिकाण: गिरीज, वसई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) सत्यवती रामनाथ राऊत

सत्यवतीबाईंनी आमच्यासमोर वाचून सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर केली:
१. श्रीरंग वर्तक, गिरीज (सही)
२. मार्गारेट लोपीस, गिरीज (सही)